लेकीची रजा आणि माझे गुडघे

गुडघ्याच्या वाट्या बदला म्हणून डॉक्टर मागे लागले होते आणि मला ते करायचं नव्हतं. भीती वाटते असं म्हणणं मला जमत नाही. म्हणून मी सांगायचे, "लेकीला रजा मिळत न्हाई. ती नसली तर माझ्यापाशी कोण बसंल?" लेक पुण्याला एका कंपनीत पाण्याची इंजिनीअर. तिला रजा खरंच मिळत नसे. माझं बरं चाललं होतं.

मग सरकारी पाणीखात्यात वरच्या जागेवर बाहेरची अनुभवी माणसं घ्यायचं निघालं आणि हिची निवड झाली. जागा हिंगोलीतच. ती वसमतला घरी आली ती तोंड पाडून.

"माय, तिथं रजा आधी कमवावी लागती. इतकी वर्षं काम केलं ते पाण्यात. नवीन लागलेल्या कारकुनासारखी मी."

"मग मागून घे की."

"रुजू व्हायच्या आधीच रजा मागू? काय म्हणतील?"

मला हसू आलं. आमच्याकडे पाडव्याला सालगडी ठेवतात. नवखा गडी पैशावर घासाघीस करतो. कामाचा गडी आधी रजेचं बोलतो. पोळ्याला घरी जाईन, लेकीच्या बाळंतपणाला जाईन, पैसे कापायचे नाहीत. असं बोलला की मालकाला कळतं, याला चार दारं उघडी आहेत. हे तिला सांगितलं आणि वर म्हणाले, "कधी घ्यायची तेबी आपणच ठरवू म्हण. गरज त्यांची हाय."

तिने फोन लावला. समोरचे साहेब वर विचारून सांगतो म्हणाले. काही दिवसांनी त्यांचाच फोन आला. पगारी रजा पहिल्या दिवसापासून खात्यावर, सोयीनं घ्या. मी गल्लीभर पेढे वाटले आणि अक्कल कोणाची होती तेही सांगत फिरले.

रुजू होऊन थोडे दिवस झाले नाहीत तोच ती म्हणाली, "माय, दवाखान्यात कधी जायचं?"

"आत्ता हळद शिजवायची हाय."

"झाली की घेते रजा."

"मग पाडवा हाय."

"पाडव्यानंतर घेते."

"उन्हाळ्यात जखम चिघळंल."

"मग पावसाळ्यात. कधी घ्यायची ते आपणच ठरवायचं, तूच म्हणलीस ना?"

जावई शेजारी चहा पीत होते. म्हणाले, "मामी, आता सरकारच तुमच्या गुडघ्याच्या मागं लागलं."

पाऊस लागल्यावर एक गुडघा झाला. लेक माझ्या खाटेपाशी बसून माझ्याच डब्यातलं खायची आणि मला उठवून चालवायची. शिव्या घातल्या तरी हटायची नाही. दुसऱ्या गुडघ्यापुरती रजा अजून शिल्लक आहे म्हणते. पुढे कोणकोणते सण आहेत, ते मी बघून ठेवते आहे.