सुनंदाताई आणि जोडलेल्या नोंदी

एकविसावं शतक नुकतंच लागलं होतं. नातू झाला म्हणून मी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला, अल्बनीत मुलाकडे आले होते. तिथल्या भजनी मंडळातल्या डॉ. सुनंदाताई बाळ बघायला आल्या. मी हौसेने शिवलेली मोहरीची उशी त्यांनी बाळाच्या डोक्याखालून अलगद काढली. "वहिनी, ही तुमच्या मानेला घ्या. बाळाला सपाट गादी, उताणं." रागच आला मला, पण मऊ उशीत बाळाचा श्वास कोंडू शकतो, हे चहा पिता पिता त्यांनी असं समजावलं की राग टिकला नाही.

ताई आरोग्याच्या आकडेवारीचं काम करत. तिथल्या मूळ रहिवाशांची, म्हणजे माओरींची बाळं पहिल्या वर्षात गोऱ्यांच्या बाळांपेक्षा जास्त दगावत, पण कागदावर हा फरक कमी दिसे. जन्माच्या वेळी आई बाळाची नोंद माओरी म्हणून करी. मृत्यूची नोंद करणारा मात्र दुःखातल्या घराला विचारायला संकोचे आणि अंदाजाने बऱ्याचदा 'गोरं' असंच लिही. मी जमाखर्च लिहिणारी बाई, दोन वह्यांचा मेळ बसत नाही म्हणजे काय ते मला लगेच कळलं. जन्माची, मृत्यूची, इस्पितळाची नोंद नावं झाकून एकमेकींना जोडायची, हे ताईंचं काम.

त्यासाठी माओरींची संमती विचारायला ताई त्यांच्या सभागृहात गेल्या. सोबत म्हणून मीही. प्रार्थनेनंतर नातू गमावलेल्या एक आजी उठल्या.

"आमची बाळं मोजता आणि दोष आमच्या लेकींना देता. सिगारेटी ओढतात म्हणे."

सोबत आलेले ताईंचे साहेब सारवासारव करू लागले. ताई म्हणाल्या, "आमचा तक्ता तसाच आहे, आजी. मिडवाइफ घरी कधी पोचली, घरात ओल किती, हे आम्ही विचारलंच नाही. काय जोडायचं ते तुम्ही सांगा. तोवर काम थांबेल."

"तुझे साहेब ऐकतील?"

"घरी बायकोचं ऐकतात, इथे माझं ऐकतील."

सगळे हसले, साहेबसुद्धा.

काम लांबलं. वरून ताईंना बोलणी बसली. आरतीला कायम उशिरा येणाऱ्या ताई माओरींच्या बैठकांना मात्र वेळेवर जात राहिल्या. शेवटी आजीच म्हणाल्या, "माझ्या नातवाचीही नोंद जोडा. तो माओरी होता. तसंच लिहा."

मग कोणत्या वस्तीत मिडवाइफ उशिरा पोचते ते उघड दिसलं, आणि तिथे मिडवाइफ लवकर जाऊ लागल्या.

ताई आता साठीच्या झाल्या. देवापाशी माझं मागणं एकच: माओरी आणि गोऱ्या बाळांच्या आकड्यांत फरक उरू नये, आणि तसा तक्ता स्वतःच्या हाताने मांडायला ताई ठणठणीत असाव्यात.