सोनारीण आत्या

माझ्या आत्याच्या अंगावर सोन्याचा मणीसुद्धा नव्हता, तरी अख्खा फळबाजार तिला सोनारीण म्हणायचा. बाजाराच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून ती फळांवर राहिलेलं फवारणीचं विष तपासायची. तिच्या बाटलीतल्या पाण्यात डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक सोन्याचे कण असायचे, आणि ते पाणी दिसायचं लालचुटुक. त्यात फळ धुतलेल्या पाण्याचे थेंब टाकायचे. लाल राहिलं तर माल सुटला. निळं पडलं की बसा बोंबलत!

शाळा सुटली की मी तिथंच पडीक. "हात लावलास तर बघ हं," आत्या डोळे वटारायची. घामाचा खारटपणा लागला तरी ते पाणी निळं पडायचं, म्हणून बाई भर उन्हाळ्यात हातमोजे घालून बसायची. काय दिवस होते ते! आत्या गेली, पण तिच्या त्या खोलीची आठवण आली की अजून जीव कासावीस होतो.

माझे बाबा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, त्याच बाजारात द्राक्षांचे व्यापारी. एका सकाळी त्यांचा नमुना निळा पडला. आपलाच घाम लागला असेल, असं आत्याला वाटलं. तिनं हातमोजे बदलले, काचेची नळी धुतली, पुन्हा करून बघितलं. पुन्हा निळं. तिनं सगळ्या पेट्या अडवल्या.

बाबा तिच्या खोलीत शिरले ते तोंडाचा पट्टा सोडूनच. "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतेस? हंगामाचा पहिला माल आहे! सोड गपचूप!"

आत्याचा आवाज जराही चढला नाही, असं बाजारातले हमालकाका मला नंतर सांगायचे. ती एवढंच म्हणाली, "दादा, यातलीच परडी सकाळी घरी पाठवलीस ना?"

बाबा जे सुटले ते थेट घरी. चपलासुद्धा घातल्या नाहीत. सुट्टी होती म्हणून मी घरीच होते, स्वयंपाकघरात द्राक्षांची वाटी मांडीवर घेऊन. त्यांनी वाटी हिसकावली, द्राक्षं घरभर घरंगळली आणि मी भोकाड पसरलं.

"किती खाल्लीस? खरं सांग!"

"एकपण नाही," मी हुंदके देत म्हटलं. "आत्या आल्याशिवाय आपण खातो का कधी?"

बाबा ढसाढसा रडले. मग तसेच अनवाणी बाजारात गेले आणि एकेक पेटी उचलून कचऱ्याच्या खड्ड्यात ओतायला लागले. आत्या धावत आली. "अरे दादा, हमालांना तरी बोलव."

"नको," बाबा म्हणाले. "घरी माझ्याच हातानं पाठवली होती."