झुंबरबाईच्या गळ्यातला बेडूक

वलवणात झुंबरबाईविषयी सगळे एकच सांगत: तिच्या गळ्यात बेडूक आहे. लहानपणी ओढ्याचे पाणी पिताना गिळला गेला, तिथेच वाढला आणि पाण्याचा घोट उतरू लागला की जुन्या ओळखीने उडी मारतो. शेजारची अंबूबाई तर पाणवठ्यावर चारचौघींत विचारी, "झुंबरे, ढग आल्यात. तुजा पाव्हणा वरडाया लागला का न्हाई?" झुंबरबाई ते हसण्यावारी नेई. गळ्याच्या डाव्या अंगाला लिंबाएवढी गाठ होती खरी. पण ती दुखत नव्हती की खुपत नव्हती. गळसरी तेवढी एका बाजूला सरकून बसे. एवढ्यावर रडायचे काय?

रडायची पाळी आली ती तुंगार्लीच्या बंगल्यांमुळे. घरची भातखाचरे धरणाच्या पाण्याखाली गेल्याला आता वीसेक वर्षे होत आली होती. नवरा महिपती रेल्वेच्या रुळांवर मजुरी करी, पण घर उभे होते ते दोन म्हशींच्या जिवावर. हवापालटाला आलेल्या कुटुंबांकडे झुंबरबाईचा दुधाचा रतीब असे. त्यांतल्या रतनबाई मोठ्या चोखंदळ; रोज भांड्यात बोट बुडवून दुधात पाणी किती ते पाहात. एका सकाळी त्यांनी भांडे पुढे केलेच नाही. तिच्या गळ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "ही गंडमाळ दिसते. क्षयाचीच बहीण. आमच्या घरात मुलं आहेत, उद्यापासून दूध नको." आठवडाभरात बाकीच्या बंगल्यांचेही रतीब तुटले. वास्तविक त्यांतल्या कित्येक बंगल्यांत माणसे आली होती ती क्षयाला इथली हवा मानवते म्हणूनच.

गाठीवर बिब्बा लावून झाला, पोटीस बांधून झाले. अखेर सासरे रखमाजी तिला लोणावळ्याला डॉक्टर केळशीकरांकडे घेऊन गेले. सून परपुरुषापुढे एकटी कशी जाणार, म्हणून स्वतः आत येऊन बाकावर बसले.

डॉक्टर तरुण होते आणि नुकतेच या भागात आले होते. त्यांनी गाठ चाचपली, मानेवर आणखी गाठी आहेत का ते पाहिले आणि पेला पुढे करून म्हणाले, "एक घोट घ्या पाहू." सासऱ्यासमोर झुंबरबाई जशी नेहमी पाणी पिई तशीच ती आताही प्याली: भिंतीकडे तोंड करून, पदर हनुवटीपर्यंत ओढून. बाईमाणूस लाजले असे समजून डॉक्टरांनी तो विषय सोडून दिला.

"गंडमाळच असावी," ते म्हणाले. "औषध देतो. नक्की कळेपर्यंत दूध विकू नका."

झुंबरबाई पदर सावरून उठली. दाराशी जाऊन ती थबकली. "डाक्टर, गावात तर बेडूक म्हणत्यात. पाणी प्यालं की उडी मारतुया म्हणं."

केळशीकरांनी चटकन वर पाहिले. "उडी? म्हणजे गाठ वर जाते?"

"व्हय. आरशात बगितलंय म्या."

"मग मला कशी दिसली नाही?"

"दिसंल कशी? आबा बसल्यात न्हवं का हितं!"

डॉक्टर हसले. "आबा, तोंड फिरवायचंच असेल तर ते तुम्ही फिरवा."

रखमाजी कुरकुरत औषधांच्या कपाटाकडे वळले. झुंबरबाईने पदर खाली घेतला आणि सरळ डॉक्टरांकडे पाहून घोट घेतला. गाठ वर चढली, खाली उतरली.

"पुन्हा!"

पुन्हा तेच. "आणखी एकदा," डॉक्टर म्हणाले. पेला दोनदा भरला.

"प्वाट फुटंल की माजं!"

"गंडमाळेची गाठ घोटाबरोबर अशी हलत नाही," डॉक्टर जणू स्वतःशीच बोलत होते. "श्वासनळीला बिलगून थायरॉइड नावाची ग्रंथी असते. घोटाबरोबर ती वर जाते, मग तिच्यातली गाठही जाते. आता जीभ बाहेर काढा."

"या बया! सासऱ्याम्होरं?"

"आबा कपाटाकडे पाहताहेत."

तिने जीभ काढली. गाठ जागची हलली नाही. म्हणजे तिचा जिभेच्या मुळाशी संबंध नव्हता. डॉक्टरांनी खिडकी लावून बॅटरीचा झोत गाठीला टेकवला, तशी गाठ कंदिलाच्या काचेसारखी तांबूस उजळली. आत पाणी असावे, ते म्हणाले. सुईने काढून पाहू.

"काढा. पण बेडूक गावला तर आदी मला दावा."

अशा गाठीतून काकवीसारखे काळपट काही निघते असे डॉक्टरांनी वाचले होते. पिचकारीत आले ते झऱ्यासारखे नितळ पाणी. डॉक्टर पिचकारी डोळ्यांपुढे धरून निरखू लागले, तसे रखमाजींनाही राहवेना, ते वळलेच. "आरं तिच्या! ह्ये तर पिण्याजोगं हाय!"

गाठ बसली होती. डॉक्टरांनी ते पाणी पुण्याला तपासायला धाडले. क्षय नाही, दुसरे काही वाईटही नाही, असा निर्वाळा आला. असे नितळ पाणी फार क्वचित निघते, ते पुन्हा भरले तर पुन्हा काढू, डॉक्टर म्हणाले. आणि तुंगार्लीच्या बंगल्यांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितले की दूध खुशाल घ्या.

दुसऱ्या सकाळी रतनबाई भांडे घेऊन फाटकातच उभ्या होत्या. सवयीने त्यांनी दुधात बोट बुडवले आणि विचारले, "अगं, पण त्या गाठीतून शेवटी निघालं तरी काय?"

"पाणी," झुंबरबाई म्हणाली. "आन ते गळ्यात व्हतं, बाई. माज्या दुधात कवाच नव्हतं. काढा बोट."