जीपचा खांदा

बाभुळगावात अब्दुल गनीला कोणी मेकॅनिक म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "मेकॅनिक कोन? मिस्त्री म्हना, मिस्त्री! मेकॅनिक जुना पुर्जा फेकते, मिस्त्री त्याले कामाले लावते." वय बासष्ट. उजवा खांदा कामातून गेलेला. चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली आडवा पडलेला माणूस. एकदा जॅक घसरला आणि ट्रकचा गिअरबॉक्स त्या खांद्यावर आला, तेव्हापासून हात कानाच्या वर जात नव्हता. स्टँडजवळचं गॅरेज बंद करून तो घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये मोटारपंप, मोपेड असलं किरकोळ बघायचा. बायको अकीला म्हणायची, आता तरी सुखानं बसा. बसणं जमलं असतं तर तो गनी कसला!

दोन हजार सहाच्या जूनमध्ये, पावसाला दोनचार दिवस असताना, त्या शेडसमोर एक बैलजोडी येऊन थांबली. मागे साखळीनं बांधलेली जीप होती. जीप म्हणायचं ते आपलं म्हणायचं म्हणून. तळाचा पत्रा कुजून खाली गळालेला, इंजिनात उंदरांनी कापसाचं घर केलेलं, आणि सीटच्या जागी साचलेल्या मातीत एक पऱ्हाटीचं झाड चांगलं गुडघाभर वाढलेलं. बैल हाकत होता बंजारा तांड्यावरचा शाम. मागून त्याची आई, त्याची याडी, रुपीबाई चालत आली होती, मुठीत जीपची किल्ली घट्ट धरून.

"गनीभाऊ, वळखली काय?"

न ओळखून सांगतो कोणाला! देवसिंगची गाडी. रुपीबाईचा नवरा देवसिंग जंगलातल्या एका ठेकेदाराचा ड्रायव्हर होता आणि गनीचा जिगरी दोस्त. गाडी म्हातारी झाली तेव्हा ठेकेदारानं ती त्यालाच देऊन टाकली. बारा वर्षांमागं देवसिंग वारला आणि गाडी तांड्यावर जिथं उभी होती तिथंच उभी राहिली.

शामनं सरळच सांगितलं. "चाचा, दोन साल झाले कापूस हाती लागून नाई राह्यला. पोळा झाला का मी बायको-लेकरं घेऊन पुण्याले चाललो. याडी म्हनते, गाडी चालू झाली तं थांब. म्या म्हनलं ठीक हाय, पोळ्यापर्यंत थांबतो. नाई झाली तं भंगारवाल्याले बोलून ठेवलं हाय."

 रुपीबाईनं किल्ली गनीच्या हातावर ठेवली.

एका गाडीनं पोरगा थांबेल, हे तिचं वेड नव्हतं. तांडा आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये दोन कोस काळी माती आणि एक नाला. पाऊस लागला की दिवाळीपर्यंत तिकडं ना एसटी जायची, ना ऑटो. शाळेची पोरं, दुधाचे कॅन, आजारी माणूस, सगळं गुडघाभर चिखलातून. चारही चाकांनी जोर लावणारी गाडी ज्याच्याकडं, त्याला तिथं कामाची ददात नाही. आणि शाम बापाच्या मांडीवर बसून गाडी शिकला होता.

"होते," गनी म्हणाला. तोपर्यंत त्यानं बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. असा माणूस!

इंजिन जाम होतं. प्लगच्या भोकांतून डिझेल ओतायचं आणि रोज सकाळी डाव्या हातानं हँडल मारून बघायचं, असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी हँडल बोटभर हललं. गनी एवढ्या मोठ्यानं ओरडला की अकीलाला वाटलं, दुसराही खांदा गेला. त्याच दिवसापासून ती कामाला जुंपली गेली. ब्रेकमधली हवा काढायला कोणीतरी पेडल दाबत बसावं लागतं. "या वयात मले ड्रायव्हर करता काय?" असं करवादत ती दाबत बसायची.

खरा तमाशा पत्र्यावरून झाला. जीपचा तळ करायला चांगला जाड पत्रा हवा होता, आणि घरात तसा एकच होता, अकीलाच्या माहेरून आलेली धान्याची कोठी. गनीनं तिला न विचारता कापली. दोन दिवस घरात अबोला. तिसऱ्या दिवशी चहा ठेवता ठेवता तिनंच विचारलं, "पुरला काय पत्रा?"

पोळा पंधरा दिवसांवर आला तेव्हा इंजिन धडधडत होतं, मागची चाकं फिरत होती. उरला होता पुढचा एक्सल, आणि तो गनीनं भीतीपोटीच शेवटी ठेवला होता. त्या जीपच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या आत नारळाएवढा एकेक लोखंडी गोळा असतो. चाक वळतं ते त्याच्यावर. गोळ्याला गंजानं खड्डे पडले की आतलं तेल बाहेर, बाहेरचा चिखल आत, आणि पुढची चाकं मेली म्हणून समजा. तो गोळा आता कुठं मिळत नव्हता. यवतमाळचं भंगार पाहून झालं, अमरावतीचं झालं, सगळ्यांनी माना हलवल्या. आणि जिचा तळच गळून पडला, तिचे गोळे काय शाबूत राहणार?

शेवटी शामला बोलावून त्यानं सांगून टाकलं, "मागच्या दोनच चाकांवर चालन."

"म्हंजे नाल्यात फसनच," शाम म्हणाला. चिडून नाही, थकून म्हणाला. "जाऊ द्या चाचा. तुमी लय केलं. सोमवारी भंगारवाल्याले धाडतो."

त्या दिवशी गनी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, निदान आपल्या डोळ्यांनी बघून तरी घ्यावं म्हणून, तो पुढच्या चाकाखाली शिरला. गोळ्यावर बोटभर मातीचा थर होता. त्याच्याखाली मात्र गंज नव्हता, पिवळट, चिवट साल होती. त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं ती खरवडली. खालचं लोखंड इतकं लख्ख की त्यात त्याला स्वतःची दाढी दिसली.

"अकीला!" तो खालूनच गरजला. "देवसिंगनं माह्या मांगं दुसरा मिस्त्री केलता! हे काम माहं नाई!" बारा वर्षांपूर्वी मेलेल्या दोस्ताशी भांडायला निघालेला हा माणूस दुसऱ्या बाजूचा गोळाही खरवडून आला. तोही तसाच. मग मात्र त्यानं रुपीबाईला निरोप धाडला.

ती शामसोबत आली, आणि पिवळी साल बघून तिचा चेहराच उतरला. "मीच खराब केलं काय, भाऊ? मीच लावत होती ते. दर साली, खांदशेकणीले."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून सोलवटलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं हळद आणि तूप लावायचं, आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन द्यायचं. रुपीबाई बैलांचं झालं की जीपकडं वळायची. तूप बैलांनाच पुरायचं नाही, म्हणून जीपला जवसाच्या तेलात हळद.

"पन तिथंच काहून?" गनीनं विचारलं. "चाकाच्या आत हात घालून?"

"हे म्हनत जायचे नं. दुसऱ्या गाड्या मांगून ढकलते, माही गाडी पुढून ओढते, बैलावानी. मंग तिचा खांदा पुढंच असन! बारा सालं हे नाईत, तं तिचं दुखनं कोन पाह्यन?"

शाम खो खो हसला. "याडी, मोटारीले खांदा असते काय?"

"चूप बस बे!" गनी असा ओरडला की शेडचा टिन वाजला. "तुले गाडी चालवता येते, तुह्या मायले गाडी समजते! जवसाचं तेल वाळलं का साल धरते. बारा सालाच्या बारा साली! पानी शिरनच कुठून? तूप लावलं असतं तं उंदरांनी चाटून खाल्लं असतं." मग आवाज एकदम खाली आणून तो म्हणाला, "भाभी, तुमी मिस्त्री हाय."

खांदशेकणीच्या दिवशी दुपारी जीप निघाली. शाम स्टिअरिंगवर, शेजारी गनी, मागं रुपीबाई आणि अकीला. अकीलाला कोणी बोलावलं नव्हतं. "माही कोठी जाऊन राह्यली, मी नाई जाइन काय?" एवढं बोलून ती बसली होती.

नाल्यात व्हायचं तेच झालं. मागची चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी चिखलात बसली. शामनं गनीकडं पाहिलं. त्याला पुणं दिसायला लागलं असावं. गनीनं पुढच्या चाकांना जोर देणारी मधली छोटी दांडी ओढली आणि म्हणाला, "आता हळू. घाई नाई." गाडी थरथरली. मग पुढच्या चाकांनी चिखल धरला, आणि ती खरंच ओढायला लागली. मागून रुपीबाई बैलाला ओरडावं तशी ओरडली, "हो राजा! चाल राजा!" जीप काठ चढून वर आली तेव्हा अकीला हसत होती आणि डोळेही पुसत होती.

तांड्यावर बैलांचे खांदे शेकणं चाललं होतं. रुपीबाईनं वाटी आणि पळसाचं पान घेतलं आणि जीपच्या एका चाकाशी बसली. शाम तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं दुसरं पान घेतलं, पलीकडच्या चाकाखाली सरळ चिखलात आडवा झाला आणि तेल लावता लावता म्हणाला, "चाचा, पोळ्याची सुटी सरली का शाळा हाय. मांगं पोट्टे किती बसतीन?"

रुपीबाईचा हात थांबला. पलीकडं बघायचं धाडस तिला झालं नाही. "दहा तं बसतेच," गनी म्हणाला.

मग ती वाटी घेऊन उठली आणि गनीसमोर येऊन उभी राहिली. "भाऊ, सदरा सरकवा."

"भाभी, मी काय बैल हाय?"

"मंग काय!" अकीला म्हणाली. "चाळीस वर्सं पाहून राह्यली मी. लावा बाई, लावा."

रुपीबाईनं पळसाच्या पानानं त्याच्या उजव्या खांद्याला हळद लावली. जीपला तेल, पण याला तूप. आजवर त्या खांद्याची चौकशी लोकांनी खूप केली होती, गाडी कधी मिळेल हे विचारण्यापुरती.

"आज आवतन घ्या," ती म्हणाली, "उद्या जेवाले या."

 मिस्त्रीनं बैलासारखीच नुसती मान हलवली.