टेकू काढायचा गेम

मंडळी, आज जुळे सोलापुरातल्या साईटवर जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर नवा गेम खेळलो. छताखालचे टेकू एकेक करून काढायचे, पण छत पडू द्यायचं नाही. वीस वर्षं स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायचं सेंट्रिंगच करतोय, म्हटलं लई सोपं हाय.

तीनदा पडलं. खालचा बाहुला तिन्ही वेळा चिरडला.

सकाळीच घराचे मालक म्हणाले होते, "टेकू उद्या काढा की, वास्तुशांत जवळ आलीय." स्लॅबला आठच दिवस झालेत, कच्चा हाय. तरी मी व्हय म्हणालो होतो.

मान वर केली, तर मालकाची आई त्याच स्लॅबखाली ज्वारी निवडत बसलेली. "जेवलास का बाबा?"

मालकाला लगेच फोन करून टेकू उद्या काढायला नाही म्हणालो. आजवर असं किती जणांना व्हय म्हणालो असेन?

तुमच्या घराचे टेकू कितव्या दिवशी काढले होते?