आसरांच्या विहिरीला मोटार

"हे काय आहे?" आमचे साहेब माझ्या तक्त्यावर बोट ठेवून विचारत होते. "विहीर वापरात नसण्याचे कारण: भूत?"

"गावकऱ्यांनी सांगितलं ते लिहिलं, सर."

"पुढच्या विहिरीलाही भूत. तिच्या पुढे हडळ. उद्या हे कलेक्टर ऑफिसला गेलं तर पंचनाम्याला मांत्रिक पाठवायचा का?"

मी तेव्हा बीडला भूजल सर्वेक्षणात ज्युनिअर जिऑलॉजिस्ट होतो. काम सोपं. विहिरीत टेप सोडायची, पाणी किती खाली आहे ते लिहायचं आणि अभिप्राय द्यायचा. दुष्काळात एक काम वाढायचं. गावाला पाणी देता येईल अशी विहीर शोधून दाखवायची.

त्या वर्षी जिल्ह्यात पाणी सोडून सगळं मुबलक होतं. टँकर होते, ठेकेदार होते, पाहणी पथकं होती आणि भुतांचं तर विचारूच नका. कडा गावाकडच्या एका विहिरीवर मुंजा होता, त्याला पिंपळ तोडल्याचा राग. युसूफ वडगावच्या वाटेवर एक नवी नवरी होती, ती फक्त पुरुषांना हाका मारायची. बायकांशी तिचं काही वाकडं नव्हतं. परळीच्या बाजूला वीजकेंद्राच्या राखेत पांढराफटक खवीस फिरायचा. त्या राखेतून दोन मैल मोटरसायकल चालवली की माझाही खवीस व्हायचा, पण ते असो.

तक्ता पुरा झाल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. चांगल्या घरच्या, अब्रूदार विहिरी कोरड्या होत्या. भुताच्या विहिरींना मात्र पाणी होतं, कारण भीतीपोटी तिथं कुणी मोटार टाकली नव्हती. हे साहेबांना सांगितलं तसा त्यांचा सूर बदलला.

"मग बसलात काय? भुतं काढा."

पहिलं गाव केज तालुक्यातलं. नाव सांगत नाही, तिथले लोक मला अजून ओळखतात. विहीर गायरानात होती. काठावर शेंदूर फासलेले सात दगड. त्या साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या बाया. नियम त्यांचे. सकाळी पोहऱ्यानं शेंदून घरटी दोन घागरी घ्यायच्या. बारा वाजले की आसरा आंघोळीला उतरतात, मग सकाळपर्यंत कुणी फिरकायचं नाही. आणि मोटार टाकील त्याचा वंश बुडेल.

हे सगळं मला केवळाबाईंनी सांगितलं. सत्तरीच्या होत्या. दगडांना शेंदूर लावायचं आणि घागरी मोजायचं काम त्यांच्याकडे.

माझ्यासोबत अण्णा होते. अण्णा सहकारी उपसा सिंचन संस्थेचे चेअरमन. उपसा सिंचन म्हणजे सगळ्यांनी मिळून पाणी उचलायचं आणि अण्णांच्या उसात सोडायचं.

"साहेब, तुमी शिकलेली मानसं," अण्णा म्हणाले. "आमच्या लोकायचं डोकं जरा ठिकान्यावर आणा. लई अडानी हायेत."

मला आणखी काय हवं होतं? बरोबर बारा वाजता सगळ्या गावासमोर मी पायऱ्या उतरलो. टेप टाकली. ओंजळभर पाणी प्यालो. तिथंच बसून भाकरी खाल्ली आणि आसरांना या जेवायला म्हणून हाकही मारली. वर आलो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते. अण्णांनी नारळ दिला. मी गाडीच्या टपावर कागद ठेवून अभिप्राय लिहिला: पाणीसाठा पुरेसा, मोटार बसविण्यास हरकत नाही.

केवळाबाई जवळ आल्या. "साहेब, आमचं भूत कशाला काढलं?"

"मावशी, भूत नव्हतंच तिथं."

"ते मला बी ठावं हाय," त्या म्हणाल्या आणि घागर घेऊन गेल्या. अडाणी माणसं पटकन हार मानत नाहीत, असं मी ड्रायव्हरला समजावून सांगितलं.

आठवड्यात दोन मोटारी बसल्या. एक गावाच्या टाकीला, एक संस्थेला, तात्पुरती. गावाला नळानं पाणी आलं ते नऊ दिवस. अण्णांचा गुडघाभर ऊस तेवढ्यात हिरवागार झाला. दहाव्या दिवशी मोटारीनं हवा ओढली. सरपंचांचा अर्ज आला आणि साहेबांनी मलाच परत पाठवलं.

विहिरीच्या तळाला चिखल होता. केवळाबाई टँकरच्या रांगेत होत्या, भर उन्हात, हातात दोन घागरी. मी त्यांच्यापाशी गेलो.

"बहात्तरला आसंच एक जन इंजन घेऊन आलतं," त्याच म्हणाल्या. "तवा माज्या सासूनं रातीतून सात धोंडे मांडले. मानूस मानसाचं ऐकत न्हाई, साहेब. बायानं सांगितलं तर कोन ऐकतंय? आसराचं ऐकत्यात."

"आणि बारा वाजताची आंघोळ?"

"झऱ्याला दम खायला येळ नको का?"

आमच्या धंद्यात याला रिकव्हरी म्हणतात. विहीर उपसायची आणि पाणी परत किती वेळात चढतं ते बघायचं. अभिप्राय देण्याआधी ही टेस्ट करायचीच असते. तिला अख्खा दिवस लागतो. भूत काढायला मला अर्धा तास लागला होता. एम.एस्सी.ला मी पहिल्या वर्गात पास झालो होतो आणि त्या रांगेत उभं राहून मला स्वतःची इतकी लाज वाटली की टँकर येईपर्यंत मान वर झाली नाही. मी त्यांची एक घागर भरून घरापर्यंत नेली. त्यांनी नेऊ दिली, पण पाणी प्या म्हणाल्या नाहीत.

पुढचं गाव परळीच्या बाजूचं. तिथंही गायरानातली विहीर, तिथंही एक चेअरमन, फक्त दुसऱ्या संस्थेचे. विहिरीवर जखीण होती. बायका पोहऱ्यानं पाणी शेंदत होत्या. टेप सोडली. पाणी झकास होतं.

"काय साहेब," चेअरमन हसत म्हणाले, "जखीण बिखीण सगळं झूट हाय ना?"

बायकांचे हात थांबले. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी टेप गुंडाळली, घड्याळ बघितलं आणि घाईघाईनं चपला घातल्या. "चेअरमनसाहेब, बारा वाजत आले. तुम्हाला लेकरंबाळं आहेत, मलाही आहेत. आपण बाकीचं ऑफिसात बोलू."

अभिप्रायात लिहिलं: मोटार बसविण्यास अयोग्य. कारणाच्या रकान्यात बरंच शास्त्रीय लिहिलं, त्यावर साहेबांनी न वाचताच सही केली. त्या उन्हाळ्यात त्या गावाला टँकर लागला नाही. तीस वर्षांच्या नोकरीत मी पाण्याचे ढीगभर रिपोर्ट लिहिले, पण एखादं गाव पाण्यावर ठेवलं असेल तर ते भुताला घाबरून.