फुकटची माडी आणि आठ उपवास

धुळ्यात एकदा माझी मिरवणूक निघाली होती. बँडसकट. हसताय काय? खरं सांगतोय. टांगा फुलांनी सजवलेला, गळ्यात हार, मागं शंभरेक माणसं. आणि त्या टांग्यात बसून मी मनातल्या मनात म्हणत होतो, आत्ता जमीन फाटली तर बरं. ओता चहा, सगळं सांगतो. पण आधी कबूल करतो, चूक माझी होती. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझीच.

नवीन महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी यावलकडचा, जळगावला कारकून होतो, तिथून धुळ्याला बदली झाली. पगार किती असणार कारकुनाला? त्यातला निम्मा गावी जायचा आणि उरलेल्यात धुळ्यात खोली घ्यायची! पंधरा दिवस मी एका धर्मशाळेत काढले. तिथं तीन दिवसांच्या वर राहू देत नसत, म्हणून मी दर तीन दिवसांनी ट्रंक उचलून बाहेर पडायचो आणि गावाला जाऊन आल्यासारखा पुन्हा आत शिरायचो. शेवटी तिथल्या मुनिमानंच हात जोडले.

मग कचेरीतल्या एका पाटलानं मला माजीसांकडे नेलं.

माजीसा म्हणजे राजस्थानातून आलेल्या जैन घरातल्या म्हाताऱ्या बाई. सगळी गल्ली त्यांना माजीसाच म्हणायची. मालक जाऊन सोळा वर्षं झालेली, दोन्ही मुलं व्यापारासाठी तिकडं मद्रासला. एवढ्या मोठ्या घरात एकट्या. त्यांना भाडेकरू नको होता, घरात माणूस हवा होता. म्हणाल्या, वरची माडी तुमची, पैसा एक देऊ नका, फक्त घराचं पथ्य पाळा. कांदा, लसूण, बटाटा या घरात येत नाही. दिवस मावळल्यावर कोणी खात नाही. पाणी गाळल्याशिवाय पीत नाही.

मी म्हटलं, माजीसा, मी या घरात चूलच पेटवणार नाही. त्यांना फार बरं वाटलं. मला तर काय, आनंदानं रडायचंच बाकी होतं.

चूल पेटवणार नव्हतो, कारण मी गल्लीच्या तोंडाशी भिलाआबाच्या खाणावळीत महिना लावला होता. आता त्या खाणावळीबद्दल तुम्हाला काय सांगू! काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, त्यात लसणाचा हात सैल, वर कांद्याची पात. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी. आणि शेजारी बुक्कीनं फोडलेला अख्खा कांदा. सकाळी साडेनऊला जेवून कचेरी, संध्याकाळी सहाला जेवून घर. जिन्याखालून माजीसांच्या समोरूनच जावं लागे, म्हणून मी तोंडाला रुमाल लावूनच वर चढायचो. पथ्य घराचं होतं, माझ्या पोटाचं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. बघा, माणूस किती हुशार असतो.

सहा महिने छान गेले. मग त्यांचं पर्युषण आलं. आठ दिवसांचं पर्व. ज्याला झेपेल तो उपवास करतो, आणि त्यांचा उपवास आपल्यासारखा नाही बरं का, साबुदाण्याची खिचडी अन् शेंगदाण्याचा लाडूवाला. नुसतं उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. कोणी एक दिवस करतो, कोणी तीन. सलग आठ केले तर ती अठाई.

पहिल्या संध्याकाळी मी भिलाआबाकडून भरपेट जेवून आलो, तर माजीसा जिन्यातच उभ्या. आज सणाचा दिवस, दोन घास आमच्याकडं खा, दिवस मावळायला अजून वेळ आहे, असा आग्रह. पोटात जागा नव्हती, ते सोडा. पण तोंड उघडलं असतं तर कांदा माझ्याआधी बोलला असता. मी रुमाल घट्ट धरला आणि म्हटलं, "माजीसा, माझा आज उपवास आहे."

एवढं एकच वाक्य. त्या एका वाक्याचं पुढं काय झालं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा जिन्यात. उपवास सोडायला मुगाचं पाणी घेऊन. मी घाबरलो, म्हटलं, हे प्यायलो की आता रोज दोन्ही वेळा जेवायला बसवतील, मग भिलाआबाचं भरीत गेलं. म्हणून मान हलवली, आजपण आहे. माजीसांनी वाटी खाली ठेवली. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. म्हणाल्या, मालक दरवर्षी अठाई करायचे. ते गेल्यापासून या घरात कोणी केली नाही. मुलांना जमत नाही, मला डॉक्टर करू देत नाही, छातीचं दुखणं आहे. सोळा वर्षांनी या घरात कोणीतरी उपवास करतंय, आणि तोही जैन नसलेला माणूस.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं की नाही? हवं होतं! पण मला एकच दिसत होतं: ट्रंक, धर्मशाळा आणि तो मुनीम. मी रुमाल तोंडाला लावला आणि कचेरीला निघालो.

त्यात त्या रुमालानं घात केला. त्यांचे साधू तोंडाला पांढरी पट्टी बांधतात, बोलताना हवेतला जीव मरू नये म्हणून. माजीसांना वाटलं, मीही तेच व्रत घेतलंय! वास येऊ नये म्हणून मी त्यांच्याशी कमी बोलायचो, ते झालं मौन. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्थानकात, म्हणजे त्यांच्या साधूंच्या प्रवचनाच्या जागी, जाऊन सगळ्यांना सांगितलं. चौथ्या दिवसापासून माणसं मला बघायला यायला लागली. बायका दुरून हात जोडायच्या. एक शेठ माझे पाय दाबायला बसले, मला गुदगुल्या होत होत्या आणि हसायची सोय नाही. एक जण म्हणाले, चार दिवस अन्न नाही पण चेहऱ्यावर तेज बघा. तेज कसलं? भिलाआबा भरितात तेल काय कमी घालायचा का!

सगळे म्हणत, कचेरीतून रजा घ्या. मी हातानं खूण करायचो, नाही, काम सुटत नाही. मग तर अजूनच कौतुक. कचेरीला जाता-येता मी खाणावळीत मागल्या दारानं शिरून जेवायचो, ते कोणाला दिसलं नाही. आणि रजा घेऊन घरात बसलो असतो तर खरोखरच मेलो असतो ना! रविवारी तेच झालं. सुट्टी, माडीवर माणसं, जिन्यात माणसं. चार वाजेपर्यंत कसाबसा तग धरला. मग डोळ्यांपुढं भरिताचं ताट दिसायला लागलं. पांझरा नदीच्या काठी एकांतात बसतो म्हणालो आणि मागल्या गल्लीनं थेट खाणावळ गाठली. त्या दिवशी चार भाकरी खाल्ल्या.

आठव्या दिवशी संवत्सरी. वर्षभरात ज्याचं त्याचं काही चुकलं असेल त्याची क्षमा मागायचा दिवस. संध्याकाळी माजीसा माडीचा जिना चढून वर आल्या. छातीचं दुखणं असलेली बाई, दर पायरीला थांबत थांबत. माझ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"मिच्छामि दुक्कडम्, भाऊ. कळत नकळत माझं काही चुकलं असेल, तुम्हाला या घरात काही कमी पडलं असेल, तर माफ करा."

आई शपथ सांगतो, ती वेळ होती. माझी आजी शोभेल एवढी बाई माझी क्षमा मागत होती आणि मी रुमालामागून नुसते हात जोडले. इतकी वर्षं झाली, ती मिरवणूक आठवली की हसू येतं. हे आठवलं की येत नाही.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टांगा. मला बँडचा आवाज ऐकूनच कळलं काय चाललंय ते. आधी मिरवणूक, मग घरी येऊन पारणं, म्हणजे उपवास सोडणं. मी नको नको म्हटलं तर लोकांना वाटलं, किती नम्र! उचलून बसवलं. माजीसा टांग्याच्या बाजूनं चालत होत्या, नवीन लुगडं नेसून, हातात चांदीची वाटी. इतक्या खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, आमच्या घरातले आहेत.

आमच्या घरातले. ऐकताय ना?

टांगा गल्लीच्या तोंडाशी आला. सकाळचे साडेनऊ. माझी जेवायची वेळ. भिलाआबा पळी हातात घेऊन दारात आला, त्या बिचाऱ्याला काय ठाऊक? गर्दीत मला बघून त्याला वाटलं असेल, कारकुनाचं लग्नच निघालं. बँडवाल्यांचं गाणं नेमकं तेव्हाच संपलं.

"ओ भाऊ, कथा चालनात? तुमनं ताट वाढी ठेवेल शे. बठ्ठा लोके जेवी ग्यात, तुम्हीच राह्यनात. कालसारखं भरीत शे आज बी."

कुठं निघालात, ताट वाढून ठेवलंय, सगळे जेवून गेले म्हणे! आणि वर कालसारखं! संवत्सरीच्या दिवशीचं भरीत त्यानं भर रस्त्यात जाहीर केलं. खोटं काय बोलला तो?

कोणी हसलं नाही, कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. ते पाय दाबणारे शेठ खाली बघत निघून गेले. दोन मिनिटांत शंभराची वीस माणसं झाली. माजीसांनी भिलाआबाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि टांगेवाल्याला म्हणाल्या, घरी वळव.

घरी आल्यावर त्यांनी ती चांदीची वाटी माझ्यापुढं ठेवली. मुगाचं पाणी होतं, गार झालेलं. म्हणाल्या, तुमच्यासाठीच केलं होतं, पिऊन घ्या. मी प्यायलो. शेवटच्या थेंबापर्यंत.

त्या मात्र काही खाईनात. त्यांच्याकडं कामाला येणारी मोलकरीण म्हणाली, त्यांनी स्थानकात खोटं सांगितलं म्हणून आज प्रायश्चित्ताचा उपवास धरलाय. खोटं त्यांनी सांगितलं! डॉक्टर येऊन रागावून गेला. मी जिन्यात बसून राहिलो. म्हटलं, त्या खाईपर्यंत आपणही खायचं नाही. आणि संध्याकाळी, काय सांगू, दिवे लागायच्या आधी माझे पाय मला भिलाआबाच्या दारात घेऊन गेले. त्यानं ताट वाढलं, मी खाली मान घालून जेवलो.

माजीसा दुसऱ्या दिवशी दोन घास खाऊन उठून बसल्या, तेव्हा जिवात जीव आला. त्यांनी मला घालवलं नाही बरं का. राहा म्हणाल्या. पण मला त्यांच्यासमोरून तो जिना चढवेना. आठ दिवसांत नदीपलीकडं देवपुरात एक खोली घेतली, पत्र्याची, भाड्याची. निघताना पाया पडलो आणि एकदाची मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या,

"एक उपवास करा कधीतरी. एकच, पण खरा. आणि कोणाला सांगू नका."

पुढं मी परत जळगावला आलो, घर बांधलं. माजीसा गेल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं. दरवर्षी संवत्सरीला मी उपवासाला बसतो. दुपारी चारपर्यंत ठीक चालतं. मग माझे पाय स्वयंपाकघराकडं वळतात आणि बायको ताट वाढते. आजवर एकही पुरा झाला नाही.

राहिलं काय, तर कोणाला सांगायचं नव्हतं. तेवढं तरी जमायला हवं होतं. आता बसलोय ना तुम्हाला सांगत!